हाताने वाजवायची जगभरातील तालवाद्ये: पखवाज वाजवणाऱ्याने शाळेतील मुलांना कोणती दाखवावीत?

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार. मी पंचवटीतील एका भजनी मंडळात गेली 22 वर्षे पखवाज वाजवतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत आमच्या मंडळाची सेवा असते, आणि एरवी गुरुवारची व एकादशीची भजने. आमच्या भागातील एका शाळेने आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी दीड तासाचा कार्यक्रम करण्याची विनंती केली आहे. पखवाज, ढोलकी आणि दिमडी मुलांना दाखवाच, पण जगात इतरत्र माणसे केवळ हाताने काय काय वाजवतात हेही दाखवा, असे मुख्याध्यापकांनी सुचवले. ही कल्पना मला मनापासून आवडली. संबळ आणि हलगी काठीने वाजतात म्हणून त्या या वेळी बाजूला ठेवल्या आहेत. नाशिक ढोल मात्र ठेवायचा की नाही हे ठरत नाही, कारण त्याच्या एका बाजूला टिपरू पडते आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप.

अडचण परदेशी वाद्यांची आहे. गेल्या वर्षी एका दुकानातून मी बकऱ्याच्या कातड्याचा, दोरीने ताणलेला जेंबे (पश्चिम आफ्रिकेतला ढोल) घेतला. दोन दिवस हौसेने वाजवला आणि उजव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी सूज आली, ती उतरायला आठवडा लागला. पुढे मे महिन्यात एका कार्यक्रमाला जाताना तो दुपारभर बंद गाडीत राहिला. संध्याकाळी गवसणी काढली, तर कडेपासून आत वीतभर चीर गेलेली होती. कातडे उन्हात असे आकसते याची मला पखवाजामुळे कल्पना होती. पण या वाद्याच्या दोऱ्या उन्हाळ्यात सैल करून ठेवायच्या असतात, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. माझ्या बजेटमध्ये जास्तीत जास्त दोन-तीन वाद्ये बसतील, तर ती कोणती घ्यावीत? पखवाजावर बसलेला हात या वाद्यांवर चालतो, की तो आधी मोडावा लागतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इतक्या वेगवेगळ्या देशांतील वाद्ये एकामागून एक नुसती वाजवून दाखवली तर मुलांच्या लक्षात काहीच राहणार नाही, म्हणून त्यांना एका सूत्रात कसे गुंफावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सातपूरकर

पंचवटीकर, आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिली दोन उत्तरे त्यातूनच निघतात. ते सूत्र आपल्याकडे आधीपासूनच आहे, ते म्हणजे बोल. आपण पखवाजाला हात लावण्याआधी ‘धा धा दीं ता किट धा दीं ता तिट कत गदि गन’ हे तोंडाने म्हणायला शिकलात. जगातील बहुतेक मोठ्या हस्तवाद्य-परंपरांनी हेच केले आहे. प्रत्येकीची अक्षरे मात्र तिची स्वतःची आहेत. मुलांना प्रत्येक वाद्य आधी तोंडाने म्हणायला लावा आणि मग त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे ते परके राहणार नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षे कैरोत होतो आणि तिथे मी दरबुका शिकलो. चषकाच्या आकाराचे, वर रुंद, मध्ये निमुळते आणि खाली पुन्हा थोडे पसरणारे हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवतात. आपल्याला ऐकून नवल वाटेल, पण इजिप्तमध्ये या वाद्याला सर्रास ‘तबला’च म्हणतात. मी पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यांना मला तबला थोडाफार येतो असे सांगितले, तेव्हा त्यांनी आनंदाने दरबुका माझ्या हातात दिला आणि तो कुठे धरायचा हेही मला कळेना. त्यांनी पहिले पंधरा दिवस मला वाद्याला हात लावू दिला नाही. मधोमध पडणारा खोल आघात ‘दुम’, उजव्या हाताने कडेला पडणारा टणक आघात ‘तेक’ आणि डाव्या हाताचा तसाच आघात ‘का’, एवढी तीनच अक्षरे घेऊन मी त्यांच्याबरोबर चालत चालत बोल म्हणत असे. त्यांचा ‘मक्सूम’ नावाचा ठेका आठ मात्रांत असा बसतो: दुम, तेक, रिकामी, तेक, दुम, रिकामी, तेक, रिकामी. आपला भजनी ठेकाही आठ मात्रांचाच आहे. मुलांचे दोन गट करून एकाला हा आणि दुसऱ्याला तो टाळ्यांवर म्हणायला लावलात, तर वजन कुठे वेगळे पडते ते त्यांना न सांगता कळेल.

खरेदीच्या दृष्टीनेही मी पहिले मत दरबुक्याला देईन. पूर्वी त्याचे खोड भाजलेल्या मातीचे आणि कातडे बकऱ्याचे किंवा माशाचे असे. आज बहुतेक दरबुके ॲल्युमिनियमचे आणि वरचा पडदा प्लॅस्टिकचा असतो. त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचा सूर उतरत नाही आणि मे महिन्यात फाटतही नाही. जमले तर त्याच्याबरोबर एक रिक घ्या. ही अरबी खंजिरी. तिच्या कडेत पाच ठिकाणी झांजांच्या दोन-दोन जोड्या असतात, म्हणजे एकूण दहा जोड्या. वादक ती कधी डोक्याच्या उंचीवर धरून हलवतो, तर कधी खाली घेऊन झांजा बोटांनी दाबून धरतो आणि फक्त कातड्यावर बोटे टाकतो. आपल्या दिमडीशेजारी ती ठेवलीत तर मुले दोन्ही हातात घेतल्याशिवाय राहणार नाहीत.

चषकाच्या आकाराचे ढोल फक्त अरबांकडेच आहेत असेही नाही. इराणमध्ये तोंबक आहे, तुती किंवा अक्रोडाच्या लाकडातून कोरलेला. त्याचे नावच ‘तोम’ आणि ‘बक’ या दोन बोलांवरून पडले असे मानतात. हुसेन तेहरानी (1912–1974) या वादकाने त्याला साथीच्या जागेवरून उचलून स्वतंत्र वादनाच्या जागी नेले. त्यात दहाही बोटांचा इतका बारीक, सलग रेला असतो की थेंबांची सर पत्र्यावर उतरल्यासारखे वाटते. त्या रेल्याला ते ‘रिज’ म्हणतात. आणि आपल्या देशात, काश्मीरमध्ये, याच घराण्यातले तुंबकनारी हे मातीचे वाद्य आहे. लग्नघरी बायका ते मांडीवर घेऊन गातात. जग दाखवताना काश्मीर विसरू नये, एवढेच सांगायचे होते.

शाईपुडी

मी निवृत्त प्राध्यापक आहे. पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि तबला शिकत होतो, तबल्याचे शिक्षण अजून संपलेले नाही. वर सातपूरकरांनी बोलांचे सूत्र सांगितले ते मला पूर्ण मान्य आहे. पण पखवाज समोर ठेवून जगातील ढोलांची ओळख करून द्यायची असेल, तर एक गोष्ट मुलांना कळायलाच हवी, आणि ती म्हणजे पुडीच्या, म्हणजे वाद्याच्या तोंडावर मढवलेल्या कातड्याच्या, मध्यावरची काळी शाई काय करते.

साधे, सगळीकडे सारखेच पातळ असलेले गोल कातडे ताणून त्यावर आघात केला, तर मूळ कंपनाबरोबर आणखी अनेक कंपने उठतात. पण ती मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट नसतात, तर साधारण 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट अशी आडनिड प्रमाणात असतात. म्हणून अशा ढोलाचा ‘धम्’ कानाला भरदार लागतो, पण त्यातून स्पष्ट सूर उचलता येत नाही. शाईचे वजन मध्यावर जास्त आणि कडेकडे कमी होत गेलेले असते. त्यामुळे ही कंपने खेचली जाऊन जवळजवळ 1, 2, 3, 4, 5 अशा सुरेल प्रमाणात येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रथम मांडले आणि 1934 मध्ये त्यावर विस्ताराने लिहिले. पुडीवर बारीक वाळू टाकून तिच्या स्थिर रेषा पाहण्याचे प्रयोग त्यांनी केले होते. आपल्याला ते वर्गात सहज करता येईल. तबल्याच्या किंवा पखवाजाच्या शाईच्या पुडीवर चिमूटभर कोरडी बारीक रेती पसरा, एक बोट हलके टेकवून दुसऱ्या बोटाने कडेला आघात करा, आणि रेती कुठे गोळा होते ते मुलांना पाहू द्या. नंतर पुडी मऊ ब्रशने झटकून घ्या, ओले फडके लावू नका.

हे सांगताना आमचे वाद्य श्रेष्ठ आणि त्यांचे कच्चे, असा सूर मात्र लागू देऊ नका. जेंबेला शाई नाही, कारण जेंबेचे काम वेगळे आहे. मालीपासून गिनीपर्यंतच्या मांदे लोकांचे हे वाद्य. ते एकाच लाकडी ओंडक्यातून कोरतात आणि परंपरेने ते काम ‘नुमू’ म्हणजे लोहारकाम करणाऱ्या समाजाकडे होते. उघड्या मैदानात नाचणाऱ्या पन्नास जणांच्या पावलांवर त्याचा आवाज पोहोचायला हवा असतो. तिथे त्याच्याबरोबर काठीने वाजणारे तीन आकाराचे दुनदुन नावाचे ढोल असतात आणि त्यांच्या ठेक्यावर मुख्य जेंबे बोलतो. जेंबेचे मूळ आघात तीन: तळहात मध्यावर टाकून उठवलेला खर्ज, बोटे जुळवून कडेशी टाकलेला गोल स्वर, आणि बोटे सैल सोडून कडेशीच काढलेली चाटेसारखी कडक थाप. त्यातला खर्ज कातड्यापेक्षा आतल्या हवेचा असतो. खोडाचे खालचे तोंड जमिनीवर टेकवले तर तो गुदमरतो. म्हणून वाद्य गुडघ्यांत धरून थोडे पुढे कलते ठेवायचे आणि तळाखाली फट राहू द्यायची. ही फट झाकून आणि उघडून दोन्ही आवाज मुलांना ऐकवा.

आता आपल्या सुजेबद्दल. पखवाजाच्या थापेत पूर्ण पंजा पुडीवर सपाट येतो आणि कडेचा गजरा कातडी पट्ट्यांनी गुंफलेला, थोडा मऊ असतो. जेंबेची कड मात्र कठीण लाकडाची, तिच्यावर बोटाचे मूळ आपटले की रक्त साकळते. हात वरून न आणता किंचित आत घ्या, म्हणजे तळव्याचा उंचवटा कडेवर टेकेल आणि बोटांच्या सांध्यांची रेषा कडेच्या आत पडेल. अंगठी काढून ठेवा. ती कातड्यालाही वाईट आणि बोटालाही. पहिले दोन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. पखवाजाचा हात मोडावा लागत नाही. त्याचे वजन कामी येते, फक्त ते टाकण्याची जागा बदलावी लागते.

नवी पुडी बसवाल तेव्हा ओले कातडे चढवून दोऱ्या बेताच्या ओढा, ते सावलीत पूर्ण वाळू द्या, आणि मगच शेवटचा ताण द्या. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत दोऱ्या सैल ठेवाव्यात, हे तर आपण महागात शिकलातच.

संगीत-शिक्षिका, नाशिकरोड

मी सोळा वर्षे शाळेत संगीत शिकवते, त्यामुळे पाचवी ते सातवीच्या मुलांबद्दल थोडे लिहिते. दीड तास ऐकत बसणे त्यांना शक्य नाही. प्रत्येकाच्या हाताला काहीतरी मिळाले पाहिजे, आणि चाळीस मुलांना चाळीस ढोल कोण देणार? म्हणून माझे मत काहोनला आहे. ती एक लाकडी पेटी आहे, मूल तिच्यावर बसते आणि पायांमधल्या समोरच्या फळीवर हाताने वाजवते. तिची गोष्ट ऐकली की मुले आपल्या बाकावर, डब्यावर, दप्तरावर वाजवू लागतात, आणि तिथून पुढचा सारा तास त्यांचा असतो.

ती गोष्ट अशी आहे. पेरूच्या किनाऱ्यावर स्पॅनिश सत्तेच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसे आणली गेली. त्यांच्याबरोबर त्यांचे ढोल आले नाहीत, ताल मात्र आले. त्यांनी मालाच्या लाकडी पेट्या उलट्या करून त्यांवर ते ताल वाजवले, आणि त्या पेटीचेच पुढे वाद्य झाले. क्यूबामध्येही रुंबा हे तिथले नृत्य-संगीत पूर्वी अशाच पेट्यांवर, माशांच्या मालाच्या खोक्यांवर वाजत असे. रुंबाला 2016 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पेरूने 2001 मध्ये काहोनला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. स्पेनचे गिटारवादक पाको दे लुसिया 1977 साली लिमाला गेले असताना काइत्रो सोतो या पेरूच्या वादकाकडून त्यांना हे वाद्य मिळाले. त्यांच्या चमूतील ब्राझीलचे तालवादक रूबेम दांतास यांनी ते फ्लामेंको या स्पेनच्या नृत्य-संगीतात रुजवले. आज स्पेनमध्ये अनेकांना ते स्पेनचेच वाटते. स्पेनच्या काहोनमध्ये समोरच्या फळीला आतून तारा टेकवलेल्या असतात, म्हणून ती खरखरते. पेरूचा मूळ काहोन तारांशिवाय असतो आणि त्याचा आवाज जास्त लाकडी, कोरडा लागतो.

ही गोष्ट गुलामगिरीचा उल्लेख टाळून सांगू नका. मुलांना कळते. मी सातवीच्या वर्गात ती सांगितली, तेव्हा वर्ग गप्प झाला आणि एका मुलाने विचारले, ‘मग त्यांना ढोल का आणू दिला नाही?’ त्या प्रश्नावर आम्ही वीस मिनिटे बोललो आणि त्या दिवशी वाजवायला उरलेला वेळ कमी पडला, तरी मला त्याचे वाईट वाटले नाही.

बोलांच्या सूत्राबद्दल एक भर घालते. जेंबेसाठी इंटरनेटवर ‘गुन दुन गो दो पा ता’ ही अक्षरे सगळीकडे सापडतात. ती नायजेरियात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे बाबातुंदे ओलातुंजी यांच्या शिकवण्याच्या पद्धतीतून प्रसिद्ध झाली. गुन-दुन म्हणजे उजव्या-डाव्या हाताचा खर्ज, गो-दो म्हणजे स्वर, पा-ता म्हणजे कडक थाप. मुलांसाठी ती उत्तम आहेत, अवश्य वापरा. फक्त ती मालीच्या गावातली जुनी अक्षरे आहेत असे सांगू नका.

पंचवटीकर

सर्वांचे मनापासून आभार. शाईपुडी सरांनी सांगितल्याप्रमाणे काल पखवाजावर रेती टाकून पाहिली. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेली रेघ उमटली, ती पाहून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. इतकी वर्षे हात ठेवतो तिथे ही रेघ होती आणि मी ती कधी पाहिली नव्हती.

दोन शंका उरल्या आहेत. काहोन विकत घ्यावा की सुताराकडून करून घ्यावा? दुसरी शंका दिमडीची. माझी दिमडी आजोबांच्या वेळची आहे. तिचे कातडे पातळ, खवल्यांच्या बारीक खुणा असलेले आहे, आणि ती खंडोबाच्या जागरणात वापरली जात असे. ती शाळेत न्यावी का?

लाकूडकाम

काहोन करून घ्या, फर्निचरचे काम करणारा कोणीही करून देईल. मी आतापर्यंत सात केले. उंची साधारण 47 सेंटिमीटर, रुंदी आणि खोली 30-30 सेंटिमीटर. वर, खाली आणि बाजूंना 12 मिलिमीटरचे प्लायवूड, मागे थोडे पातळ चालते, पण समोरची फळी 3 मिलिमीटरचीच हवी. सगळा आवाज तिच्यात आहे. मागच्या बाजूला 11-12 सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडावे, नाहीतर खर्ज आतच अडकतो. समोरची फळी खाली आणि बाजूंनी स्क्रूने बसवा, वरच्या दोन कोपऱ्यांतले स्क्रू किंचित सैल ठेवा, म्हणजे कोपऱ्यावर बोट मारल्यावर ती टाळीसारखी वाजेल. समोरच्या फळीला फेव्हिकॉल लावू नका, पुढे ती बदलावी लागते. कडा पॉलिश पेपरने चांगल्या घासून गोल करा, मुलांच्या हाताला कुसळ लागता कामा नये. खाली रबराचे चार पाय लावले की वर्गाच्या फरशीवर ती पेटी सरकत नाही.

शाईपुडी

दिमडीबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपण वर्णन केलेले कातडे बहुधा घोरपडीचे असावे. दिमडीवर आणि दक्षिणेतील खंजिरीवर पूर्वी तेच चढवत, कारण ते अतिशय पातळ असूनही मोठा ताण सहन करते. घोरपडीला वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यामुळे तसे कातडे आता घेणे, विकणे किंवा नव्याने मढवून घेणे हा गुन्हा आहे. जुन्या वस्तूबाबत वनविभागाकडे चौकशी केल्याशिवाय ती सार्वजनिक ठिकाणी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बकऱ्याच्या पातळ कातड्याची दिमडी बाजारात मिळते, ती न्या, आणि हा बदल का झाला हेही मुलांना सांगा.

त्याच ओघात एक सुंदर विरोध दाखवता येईल. आपला हलगीवाला वाजवण्याआधी पालापाचोळा पेटवून हलगी शेकतो, कारण ओलाव्याने उतरलेले कातडे उष्णतेने ताणून वर चढते; क्यूबाच्या काँगा या उभ्या ढोलाचे वादकही स्क्रूची सोय येण्यापूर्वी असेच आगीजवळ धरून ढोल चढवत. दक्षिणेतील खंजिरीवादक मात्र बरोबर उलटे करतो. तो कातड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे बोट फिरवतो, कारण त्याला ते उतरवून खोल गुंजणारा, घसरत जाणारा खर्ज हवा असतो. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि दोन्हीकडे कातडेच! पखवाजाच्या डाव्या बाजूला आपण कणीक लावतो, तीही याच कुटुंबातली युक्ती आहे.

नाशिक ढोल ठेवाच. एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला हात अशी वाद्ये जगात थोडी नाहीत. दक्षिणेतला तविल तसाच आहे. हात कुठे संपतो आणि काठी कुठे सुरू होते, हे मुलांना त्या ढोलावरच चांगले कळेल.

संगीत-शिक्षिका, नाशिकरोड

कातड्याशिवाय वाजणारी एक गोष्ट राहिली म्हणून पुन्हा लिहिते. जुन्या नाशकात कुंभारवाड्यातून एखादी घट्ट भाजलेली, जाड काठाची घागर घेऊन या. तमिळनाडूतील मानामदुराई येथे होणारा घटम् यापेक्षा कितीतरी जड आणि दाट मातीचा असतो. विक्कू विनायकराम यांनी तो 1970 च्या दशकात ‘शक्ती’ या वाद्यवृंदातून जगभर पोहोचवला. घटम् पोटाशी धरून वाजवतात आणि तोंड पोटाला कमी-जास्त टेकवून खर्ज उघडतात, मिटतात. नायजेरियातील इग्बो स्त्रियांचा उडू हाही मडकेच आहे, पण त्याच्या बाजूला एक जादा भोक असते. त्या भोकावर तळहात टाकून उचलला की आतली हवा ‘गुप्’ असा आवाज करते. भोक पाडलेले मडके मिळणार नाही, परंतु साध्या घागरीच्या तोंडावर तळहात टाकून उचलला तरी त्याच जातीचा आवाज निघतो. बोटांनी अंगावर वाजवताना हात हलका ठेवा, आपली घागर पाण्यासाठी केलेली असते, मारासाठी नाही.

आणि एक विनंती. क्यूबातील बाता नावाचे तीन ढोल यूट्यूबवर दिसतील, दोन्ही तोंडांवर हाताने वाजणारे. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या परंपरेतून आलेले हे ढोल पूजेतले असतात. त्यांतल्या प्रतिष्ठापना केलेल्या ढोलांना दीक्षा नसलेल्या कोणीही हात लावायचा नसतो. त्यांचा व्हिडिओ दाखवलात तर एवढे अवश्य सांगा. आपण पखवाजाला पाय लागला तर नमस्कार करतो, त्यामुळे मुलांना हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही.

पंचवटीकर

कार्यक्रम काल झाला. कळवायचे ठरवले होते म्हणून लिहितो.

शेवटी एक ॲल्युमिनियमचा दरबुका विकत घेतला, काहोन दोन करून घेतले आणि घागर कुंभारवाड्यातून आणली. रिक मिळाली नाही. आजोबांची दिमडी घरी देव्हाऱ्याजवळ ठेवली असून तिच्याबाबत वनविभागाकडे रीतसर विचारणा करणार आहे. शाळेत बकऱ्याच्या कातड्याची नेली.

सकाळपासून पाऊस लागून राहिला होता आणि वर्गाच्या खिडक्या बंद होत नव्हत्या. त्यामुळे जे मी मुलांना सांगणार होतो ते आधी वाद्यांनीच सांगितले. दिमडी पहिल्या दहा मिनिटांत इतकी उतरली की ती वाजेना. पखवाज मी दोनदा हातोडीने चढवून घेतला. दरबुका मात्र जसाच्या तसा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘सर, त्याला पाऊस कळत नाही का?’ मी तिला पुढे बोलावले, दोन्ही पडद्यांवर बोट फिरवायला सांगितले आणि काय वाटते ते वर्गाला सांगायला लावले. ‘हा थंड आणि ओलसर आहे, तो नुसता थंड,’ असे तिने सांगितले. मग दिमडी आम्ही शाळेच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर लांबून शेकून आणली, आणि ती पुन्हा बोलू लागली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बोलांचे सूत्र उत्तम लागू पडले. एका बाजूच्या बाकांना ‘दुम तेक’ आणि दुसऱ्या बाजूला आमचा भजनी ठेका दिला. पहिल्या तीन आवर्तनांत गोंधळ झाला, चौथ्याला दोन्ही समेवर आले, आणि त्यानंतर मी हात वर केला तरी ती थांबेनात. काहोनवर प्रत्येक मुलाला आठ मात्रा मिळाल्या. ज्यांची पाळी यायची होती ती आपापल्या बाकांवर सराव करत होती, त्यामुळे शेजारच्या वर्गाच्या बाई दोनदा येऊन पाहून गेल्या आणि दुसऱ्यांदा त्या दारातच उभ्या राहिल्या.

पेरूच्या पेट्यांची गोष्ट सांगताना मला शब्द सापडायला वेळ लागला, पण ती सांगितली. रेतीचा प्रयोग वेळेअभावी राहिला. तो करण्यासाठी शाळेने पुन्हा बोलावले आहे, तेव्हा शाईपुडी सरांनी शक्य असल्यास सोबत यावे अशी माझी विनंती आहे. जेंबेवर नवे कातडे चढवून झाले आहे. पावसामुळे ते वाळायला वेळ लागतो आहे, म्हणून दोऱ्यांचा शेवटचा ताण अजून दिलेला नाही.